राइड-ऑन मोअरची देखभाल: मॅन्युअलमधला हिवाळा आपल्याकडे आषाढात येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: पन्हाळा रोडला दोन एकरांचं लग्नाचं लॉन. गेल्या वर्षी बाहेरदेशी बनलेलं, वापरलेलं राइड-ऑन मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, घेतलं. दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ४२ इंची डेक (ज्याच्याखाली पाती फिरतात तो पत्र्याचा भाग). पावसाळ्यानंतर ते लवकर सुरूच होईना. सुरू झालं तर गवत कापण्याऐवजी फाडतंय आणि एका बाजूला न कापलेला पट्टा राहतोय. सर्व्हिसिंग नोव्हेंबरात मॅन्युअलप्रमाणे करून घेतलं होतं. सर्व्हिसवाला पुण्याहून येतो, त्याचा येण्याजाण्याचा खर्चच जड होतो. तर आपल्या माळ्याकडून आणि कोल्हापुरातल्या मेकॅनिककडून काय काय करून घेता येईल?

बरंच काही करून घेता येईल. पण आधी एक सांगतो. तुमच्या मशीनचं सर्व्हिसिंग झालं, फक्त चुकीच्या महिन्यात झालं. ही मशिनं ज्या मुलखासाठी बनतात तिथं गवत उन्हाळ्यात वाढतं आणि हिवाळ्यात मशीन शेडमध्ये बंद पडून असतं. म्हणून मॅन्युअलमधला साठवणुकीचा धडा हिवाळ्याच्या तोंडावर करायचा असतो. आपल्याकडे नोव्हेंबरात तुळशीचं लग्न लागतं आणि तुमचा हंगाम सुरू होतो, तेव्हा मशीन बंद कुठलं ठेवताय? ते खरं बंद राहतं आषाढात. जमीन एवढी भिजलेली असते की दोन-अडीचशे किलोचं मशीन, वर माणूस, आत घातलं की चाकं रुततात. मग ते तीन-चार आठवडे ताडपत्रीखाली उभं राहतं, टाकीत अर्धं पेट्रोल, डेकखाली ओलं गवत. उघडीप झाल्यावर काढलं की सुरू होत नाही. आमच्याकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी मशिनं येतात ती बहुतेक गणपतीच्या आगेमागेच.

म्हणून मी लोकांना आपलं पंचांग लावून देतो. मोठी सर्व्हिस मृगाच्या आधी, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी. आषाढात साठवणूक. खंडेनवमीला दुसरी सर्व्हिस, तशीही त्या दिवशी हत्यारं-अवजारं धुऊन पुसून पूजेला लावायचीच असतात. आणि शिमग्याच्या आसपास धुळीची साफसफाई. दोन एकराला झाडं-कट्टे चुकवत दोन तास धरा, आठवड्याला एक फेरी धरली तरी वर्षाला शंभर तास होतात. मशीनवर तासांचं मीटर असेल तर ते बघा, नसेल तर ऑफिसच्या डायरीत माळ्याकडून फक्त तारीख आणि तास लिहून घ्या.

आता आषाढाचं. त्रास तिथूनच सुरू होतो.

पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच उसाचं असेल, त्यात आनंदच आहे, पण या छोट्या इंजिनांचे बहुतेक उत्पादक १० टक्क्यांच्या पुढं परवानगी देत नाहीत. तुमच्या मॅन्युअलमध्ये नेमकं काय लिहिलंय ते बघून घ्या. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. मोटरसायकलची टाकी चार दिवसांत रिकामी होते, तिथं हे जाणवत नाही. मोअरच्या टाकीत तेच पेट्रोल जुलैभर उभं राहिलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, आणि इंजिनाला जाणारी पाइप टाकीच्या तळातूनच निघते. म्हणजे पहिला घोट पाण्याचाच. जे कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये (तळाच्या वाटीत) राहतं ते उडून जाऊन मागं चिकट थर ठेवतं, आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं, भोक सुईच्या टोकाएवढंच असतं.

खात्री करायची असेल तर इंजिन पूर्ण गार असताना, उघड्यावर, बाऊलच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळा थर किंवा लोळणारे थेंब दिसले की निदान झालं. बाऊलखालच्या नटाला वायर जोडलेली दिसली तर तो साधा नट नाही, पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड आहे. तो पकडीनं पिळू नका, आधी वायर सोडवा आणि योग्य पान्यानं काढा. बाऊल उघडलाच तर जेट काढून कार्ब क्लीनरनं धुवा. भोकात पांढरा-हिरवट थर असेल तर वायरीतल्या तांब्याची एक बारीक तार घाला. स्टीलची तार किंवा पिन नको, पितळेचं भोक मोठं झालं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पितं आणि काळा धूर सोडतं.

पुढच्या वर्षी ही वेळच येऊ नये म्हणून: पेट्रोल पंधरा-वीस दिवस पुरेल एवढंच आणा. मशीन तीन आठवड्यांहून जास्त उभं राहणार असं दिसलं की टाकी रिकामी करा, आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. मग बाऊलमधलं उरलेलंही काढा. टाकी रिकामी करणं जमणार नसेल तर फ्युएल स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. आधीच पाणी धरलेल्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर ओतून काही होत नाही. ताडपत्री थेट मशीनवर गुंडाळू नका, खाली वाफ धरते. वर पत्रा आणि बाजूनं वारा, एवढं पुरे. शेजारी ऊस असेल तर उंदीर आलेच. त्यांना इंजिनच्या पंख्यावरचं झाकण फार आवडतं, आत गवताचं घरटं करतात आणि वायरी कुरतडतात. पावसाळ्यानंतर चावी फिरवायच्या आधी ते झाकण उघडून बघायचंच.

त्याच वेळी डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली वाटली आणि पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरची पेट्रोल अडवणारी सुई गळतेय आणि पेट्रोल इंजिनात उतरतंय. अशा वेळी इंजिन चालवू नका, आधी सुई, मग ऑइल. हे ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

पाण्याचा विषय निघालाच आहे. तुमचं लॉन उंचावर असेल तर हा परिच्छेद सोडा, पण नदीच्या अंगाची बरीच लॉन्स २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडाली आणि आतली मशिनंही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की मशीन हलवायचं, ४३ फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत थांबायचं नाही. बुडालेलं मशीन 'सुरू होतंय का बघू' म्हणून चावी फिरवून बघण्यानंच जास्त मरतं, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, दोन्ही प्लग काढा, ऑइल-पेट्रोल सगळं रिकामं करा आणि तसंच मेकॅनिककडं आणा.

ऑइलबद्दल फार नाही. शंभर तासांच्या वापराला वर्षातून दोनदा, मृग आणि खंडेनवमी, बदललं की झालं. नवीन किंवा नुकतंच इंजिनकाम झालेलं मशीन असेल तर पहिलं ऑइल पाच-आठ तासांतच काढतात. आपल्या हवामानात, हवेनं गार होणाऱ्या इंजिनात एसएई ३० किंवा मॅन्युअलनं सांगितलेलं सिंथेटिक चालतं. मोटरसायकलचं उरलेलं ऑइल मोअरमध्ये ओतू नका. दोन सिलिंडरच्या इंजिनाला साधारण पावणेदोन-दोन लिटर लागतं, पण मापून नव्हे, मशीन सपाट फरशीवर उभं करून डिपस्टिकनं भरा. जास्त भरलं तर ऑइल ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं आणि पांढरा-निळा धूर निघतो. 'इंजिन गेलं' म्हणून आणलेल्या काही मशिनांत जास्तीचं अर्धा लिटर ऑइल काढणं एवढंच काम असतं. फिल्टर बसवताना रबराला ऑइल लावा, रबर टेकल्यावर हातानं पाऊण फेरा, पाना नको.

आता तुमचं गवत फाटतंय ते आणि पट्टा राहतोय ते. लोक लगेच डेकचे नट फिरवायला घेतात. क्रम उलटा आहे: आधी टायर, मग पाती, मग स्पिंडल (पातं ज्या आसावर फिरतं तो), आणि डेक सगळ्यात शेवटी.

टायरमध्ये हवा किती आहे विचारा. पुढच्याला साधारण १४ पीएसआय, मागच्याला १० च्या आसपास, नेमका आकडा टायरच्या बाजूवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. हवावाला सवयीनं तीस भरतो. एका बाजूला तीस आणि दुसरीकडे बारा असलं की अख्खं मशीन कललेलं आणि डेकही. निम्मे पट्टे इथंच संपतात. हवा भरायला न्यायचंच नाही, सायकलचा पंप आणि कमी दाबाचा गेज शेडमध्ये ठेवा.

पाती काढायच्या आधी चावी काढा आणि दोन्ही प्लगच्या कॅप उपटून बाजूला ठेवा. दोन सिलिंडर आहेत, एकच काढून उपयोग नाही. डेकखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, लाकडी ठोकळे लावा. बोल्ट सुटत नसेल तर पातं आणि डेक यांत लाकूड अडकवा, आणि त्याआधी आटे कुठल्या दिशेचे आहेत ते बघा, काही मशिनांत उलटे असतात.

काढलेलं पातं दिव्यासमोर धरा. गवत फाटत असेल तर धारेच्या शेवटच्या दोन इंचांत चकाकणारी गोल कड दिसेल, तीच बोथट झालेली जागा. धार मूळ उतारानंच लावायची, साधारण तीस अंश, फाइलनं किंवा ग्राइंडरनं हलक्या हातानं. पोलाद निळं पडलं की तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, गेला, ते टोक आठवड्यात पुन्हा बोथट होणार. वस्तऱ्यासारखी धार लावायची गरज नाही, पहिल्या खड्यालाच ती मुडपते. दर वीस-पंचवीस तासांनी धार म्हणजे तुम्हाला अडीच-तीन महिन्यांतून एकदा, बंदचे आठवडे सोडून. मग पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर आडवं टांगा. एक टोक खाली गेलं तर त्याच टोकाच्या मागच्या बाजूनं थोडं घासा, धारेकडून नको. असमतोल पातं स्पिंडलची बेअरिंग खातं. परत बसवताना पात्याचे वर वळलेले कान डेकच्या आतल्या बाजूला. उलटं बसवलेलं पातं फिरतं, आवाज करतं, पण गवत तुडवतं.

वाकलेलं पातं ओळखायला ते बसवलेलं असताना एक टोक पुढं आणून जमिनीपासूनचं अंतर मोजा, मग अर्धा फेरा देऊन दुसरं टोक त्याच जागी आणा. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे पातं किंवा स्पिंडलचा शाफ्ट वाकलाय. पातं सरळ करायच्या भानगडीत पडू नका. आपलं गाव फौंड्रीचं आणि लेथचं, कमानपाट्याचं पातं करून देणारा कुणी ना कुणी भेटेलच, तडा गेलेल्या पात्याला वेल्डिंग मारून देणाराही. दोन्ही नको. पात्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात फिरतं, आणि कमानपाटा कडक असल्यानं वाकत नाही, तुटतो. तुटलेला तुकडा कुठं जाईल हे तुम्हाला ठरवता येत नाही, आणि तुमच्याकडं समोर पाहुणे असतात. लेथवर स्पिंडलची बुश, पुलीचं भोक, डेकचं ब्रॅकेट खुशाल करून घ्या. पातं मात्र कंपनीचंच.

लग्नाच्या लॉनवर आणखी एक प्रकार असतो, तो मॅन्युअल लिहिणाऱ्याला सुचणार नाही. मंडपवाले निघून गेले की मागं सुतळी, बाइंडिंग वायर, झालरीची रिबन आणि कधी जमिनीत आख्खी मेख राहते. मेख पात्याचा आणि शाफ्टचा निकाल लावते, तो दणका निदान ऐकू तरी येतो. सुतळी मुकाट काम करते. ती पात्याच्या वर स्पिंडलला गुंडाळली जाते, उष्णतेनं आवळते, बेअरिंगचं सील कापते, ग्रीस बाहेर येतं आणि धूळ आत जाते. पातं काढलंच आहे तर स्पिंडलच्या मानेवरची सगळी गुंडाळी कटरनं कापून काढा. मग हातानं पातं फिरवा आणि बाजूनं हलवा. खरखर किंवा खेळ जाणवला तर बेअरिंग बदला, त्यावरचा नंबर वाचून घेतला की बेअरिंगच्या दुकानात मिळून जातं, बऱ्याच वेळा ६२०३-६२०४ सारखा साधाच नंबर असतो. स्पिंडलला ग्रीस निपल असेल तर पंचवीस तासांनी ग्रीस, नसेल तर ते सीलबंद आहेत, तिथं भोकं पाडून ग्रीस घालू नका. आणि मंडपवाल्याचे शेवटचे पैसे लॉनवरून एक लोहचुंबक फिरवून झाल्यावरच द्या, तो स्वतःच नीट वेचून नेईल.

हे सगळं जागेवर असेल तरच डेकची पातळी. पाती आडवी करून डाव्या-उजव्या टोकांचं जमिनीपासूनचं अंतर तीन मिलिमीटरच्या आत सारखं हवं. मग पाती पुढं-मागं करून बघा: पुढचं टोक मागच्यापेक्षा तीन ते नऊ मिलिमीटर खाली हवं, म्हणजे कापलेलं गवत पुन्हा पुन्हा कापलं जात नाही आणि इंजिनवर ताण येत नाही.

डेकखाली ओलं गवत साचलं की ते पेंढीसारखं घट्ट होतं, वारा खेळत नाही, गवत उभं राहत नाही आणि पातं त्याच्या वरून जातं. श्रावणात प्रत्येक फेरीनंतर प्लग सोडवून लाकडी किंवा प्लास्टिकच्या खरवडणीनं ते काढा. पाण्याचा फवारा मारला तर नंतर पाती दोन मिनिटं फिरवून वाळवा. प्रेशर वॉशर स्पिंडलवर, बेल्टवर आणि सीटखालच्या वायरिंगवर मारू नका, सर्व्हिसिंग सेंटरवाल्याला आधीच बजावा. उघडीप झाल्यावर गवत गुडघ्याएवढं झालेलं असतं. ते एका फेरीत कापायला जाऊ नका. एका वेळेला उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही, आधी डेक सगळ्यात वर, दोन-तीन दिवसांनी खाली.

बेल्टबाबत लोक फसतात. डेकचा बेल्ट दिसायला बी-सेक्शनचा असतो आणि त्या लांबीचा पिठाच्या गिरणीचा बेल्ट पाचव्या हिश्शाच्या किमतीत मिळतो. पण बऱ्याच मशिनांत पाती जोडताना-सोडताना बेल्ट पुलीवर घसरतो, आणि आयडलरवर (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीवर) तो पाठीवरही वाकतो. त्यासाठी मूळ बेल्टात अरामिडचे, म्हणजे फार चिवट अशा कृत्रिम तंतूंचे, धागे असतात. साधा बेल्ट थोडेच दिवस टिकतो, मग लांबतो, आणि पाती मंद फिरायला लागली की गवत पुन्हा फाटतं. एक मूळ बेल्ट जादाचा आणून ठेवा, ऐन लग्नसराईत पुण्याहून येईपर्यंत दोन दिवस जातात.

शिमग्याच्या सफाईत एअर फिल्टर आणि इंजिनच्या पाकळ्या. फोमचं बाहेरचं आवरण साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. कागदी फिल्टर हलक्या हातानं आपटायचा, धुवायचा नाही, ऑइल लावायचं नाही आणि कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. कागदाला बारीक छिद्र पडतं, ते डोळ्यांना दिसत नाही आणि तांबडी माती थेट सिलिंडरमध्ये जाते. पंख्याचं झाकण काढून सिलिंडरच्या पाकळ्यांमधलं वाळलेलं गवत ब्रशनं काढा. ही इंजिनं हवेवरच गार होतात, पाकळ्या बुजल्या की ऑइल कितीही चांगलं घाला. मागं हायड्रोस्टॅटिक (ऑइलच्या दाबावर चाकं फिरवणारा) गिअर असेल तर त्याच्यावरचा छोटा पंखाही तसाच साफ करा. मशीन ढकलायचं असेल तर आधी चाकं गिअरपासून मोकळी करणारा मागचा बायपास दांडा ओढायचा, आणि दोरी बांधून ट्रॅक्टरनं कधीच ओढायचं नाही.

प्लग वर्षाला नवीन, बहुतेक ठिकाणी गॅप ०.७६ मिलिमीटर. बॅटरी बंद इंजिनावर १२.६ व्होल्ट दाखवायला हवी, १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा. आषाढात तिची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा.

सीटखालचा स्विच माळ्यानं वायर मारून बायपास केला असेल तर तेवढा आधी पूर्ववत करून घ्या. माणूस सीटवरून उठला की पाती थांबावीत एवढंच त्याचं काम. उतारावर सीट उसळते आणि इंजिन बंद पडतं, म्हणून लोक तो काढतात. पण बहुतेक वेळा दोष स्विचचा नसतो, त्याच्या टर्मिनलवर गंज आलेला असतो. पॉलिश पेपर आणि थोडं पेट्रोलियम जेली, दहा मिनिटांचं काम आहे.

पुण्याच्या माणसाला वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या आधी बोलवा आणि त्याच्याकडून तीनच गोष्टी करून घ्या: व्हॉल्व्हचा क्लिअरन्स (फट), पाती जोडणारा इलेक्ट्रिक क्लच असेल तर त्याचा गॅप, आणि हायड्रोस्टॅटिक गिअरचं ऑइल बदलता येतं की तो सीलबंद आहे ते बघणं. तो यायच्या आधी इंजिनच्या झाकणावर ठोकलेले मॉडेल, टाइप आणि कोडचे आकडे आणि सीटखालच्या पट्टीवरचा मशीनचा नंबर यांचा फोटो त्याला पाठवा. एकाच नावाच्या मशीनवर वेगवेगळी इंजिनं बसलेली असतात, फिल्टर आणि बेल्ट या आकड्यांवरूनच मागवायचे.